गोष्टीतली आई आजारी का पडते?

पत्र (थोडं आवरून):

"ताई, आमची मुलगी साडेदहा वर्षांची आहे. दुसरीनंतर आम्ही तिला शाळेतून काढलं, तेव्हापासून ती घरीच शिकते. तशी मजेत असते. पोहायला जाते, सोसायटीत मैत्रिणी आहेत, वाचनाचं तर वेडच आहे. या सुट्टीत तिनं लायब्ररीतून घरी शिकणाऱ्या मुलांची इंग्रजी पुस्तकं शोधून शोधून आणली: 'वंडर', 'स्कूल्ड', 'इडा बी'. मला वाटलं, आपल्यासारखं कुणीतरी पुस्तकात भेटलं म्हणून खूश होईल. झालं उलटंच. 'आई, आपण विचित्र आहोत का गं?' असं विचारलंन. प्रत्येक पुस्तकात ते मूल शाळेतच जातं, असंही म्हणाली. आता गप्प गप्प असते. रात्री माझ्या खोकल्यानं जागी होते, मध्यंतरी दोनदा उठून 'बरं वाटतंय ना?' विचारून गेली. तिचे बाबा म्हणतात, ती पुस्तकं परत करून टाक. जाऊबाई म्हणतात, बघ, पुस्तकंसुद्धा तेच सांगतात. मला वाटतं, होमस्कूलिंग चांगलं दाखवणारी पुस्तकं तिच्या हातात द्यावीत. काही नावं सुचवाल का?
— एक आई, पुणे"

प्रिय मैत्रिणी,

नावं देते, पण जरा थांबून. आधी तुमच्या पत्रातल्या खोकल्याच्या ओळीपाशी मला बसायचंय. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत, आणि मला मात्र सगळं पत्र त्या ओळीतच आहे असं वाटलं.

मी मुलांसाठी एक छोटं वाचनालय चालवते. तुम्ही लिहिलेली तिन्ही पुस्तकं माझ्या कपाटात आहेत आणि कितीतरी मुलांना मी ती आपणहून दिली आहेत. तुमचं पत्र आल्यावर 'इडा बी' आणि 'स्कूल्ड' पुन्हा वाचली. या वेळी तुमच्या मुलीच्या जागी बसून वाचली, आणि आजवर लक्षात न आलेली गोष्ट दिसली.

'इडा बी' ही कॅथरीन हॅनिगन यांची २००४ सालची कादंबरी. सफरचंदाच्या बागेत राहणारी, झाडांशी आणि ओढ्याशी बोलणारी मुलगी. पाच वर्षांची असताना थोडे दिवस शाळेत गेली, तिथं बाईंनी तिला तिच्या आवडत्या नावानं हाक मारायचंसुद्धा नाकारलं, म्हणून आईवडिलांनी तिला घरी आणलं. घरी सगळं छान चाललेलं. मग आईला कर्करोग होतो. बागेचा एक तुकडा विकावा लागतो, आई शिकवण्याच्या परिस्थितीत राहत नाही, आणि इडा बीला शाळेत घालतात. 'स्कूल्ड' ही गॉर्डन कोरमन यांची, २००७ ची. तेरा वर्षांचा कॅप आजीबरोबर एका जुन्या शेतवस्तीवर वाढलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला. आजी झाडावरून पडते, तिचं कमरेचं हाड मोडतं, आणि कॅपची रवानगी शाळेत होते. तुमच्या पत्रात नसलेली, पण याच वळणाची आणखी एक म्हणजे फेथ एरिन हिक्स यांची 'फ्रेंड्स विथ बॉईज' ही चित्रकादंबरी, २०१२ ची. त्यात मॅगीला घरी शिकवणारी आई घर सोडून गेलेली आहे, आणि मॅगी पहिल्यांदाच हायस्कूलची पायरी चढते.

आता हे एका साडेदहा वर्षांच्या, आईजवळ बसून शिकणाऱ्या मुलीच्या डोळ्यांनी वाचा. आई आजारी पडली की शाळा. आजी पडली की शाळा. आई गेली की शाळा. शाळेत जाणाऱ्या मुलांना अशा पुस्तकात शाळेतली गंमत आणि भांडणं दिसतात. तुमच्या मुलीला पहिल्या काही प्रकरणांत मोडणारं घर दिसलं असणार. तिनं तुम्हाला 'आपण विचित्र आहोत का' असं विचारलं, कारण ते विचारायला सोपं आहे. दुसरा प्रश्न तिच्या तोंडून निघाला नसावा. ती रात्री उठून तुमच्या खोकल्याला विचारते आहे.

माझा अंदाज चुकीचा असू शकतो. तुम्ही आई आहात, तुम्हाला लगेच कळेल. पण बरोबर असेल तर आनंदी होमस्कूलिंगच्या दहा पुस्तकांनीही ती भीती जाणार नाही, आणि ही तीन परत केल्यानं तर मुळीच नाही. पुस्तक नाहीसं झालं की मुलांना एकच कळतं, त्यात काहीतरी खरं होतं.

मग लेखक असं का करतात? हे तिला नीट समजावून सांगा. दहा वर्षांच्या वाचकाला गोष्टीचं आतलं यंत्र उघडून दाखवलं तर त्याला फार आवडतं, हे मी अनुभवानं सांगते. मुलांच्या गोष्टीत मुलानं स्वतः काहीतरी करावं लागतं. आई शेजारी बसली असेल तर अडचण आईच सोडवील, म्हणून लेखकाला मोठ्यांना बाजूला काढावं लागतं. किती गोष्टींतली मुलं अनाथ असतात, आठवा. आपल्या ताम्हनकरांचा गोट्या अनाथ. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचं घर सोडून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो, तेव्हा कुठं त्याला गुन्हेगारांच्या मागं सायकल हाणता येते. शाळेत जाणारं मूल रोज सकाळी दप्तर घेऊन आईपासून आपोआप लांब जातं, लेखकाला फार काही करावं लागत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाची आई मात्र दिवसभर त्याच टेबलाशी असते. तिला हलवायचं तर काहीतरी मोठंच घडवावं लागतं, म्हणून आजार, अपघात, ताटातूट. गोष्ट सुरू व्हावी म्हणून लेखकानं आईला आजारी पाडलं. ती घरी शिकवत होती म्हणून ती आजारी पडली नाही. हा फरक मुलांना सांगितल्याशिवाय कळत नाही. मोठ्यांनाही कित्येकदा कळत नाही.

आता 'विचित्र' या शब्दाकडे येते.

नव्या मुलाला शाळेच्या दारातून आत आणलं की वाचकही त्याच्याबरोबर आत येतो, त्याला सगळं नव्यानं दिसतं. घंटा, डबा खायच्या जागा, कुणी कुणाशेजारी बसायचं याचे न लिहिलेले नियम. शाळेतच वाढलेल्या मुलाला यातलं काहीच दिसत नाही, कारण ते रोजचंच आहे. म्हणून लेखकाला बाहेरचा पाहुणा हवा असतो, आणि घरी शिकलेलं मूल हा तयार पाहुणा. अमेरिकेत १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं होतं, अशी मुलं आजूबाजूला दिसू लागली होती. त्यानंतरच्या पुस्तकांत हा पाहुणा पुन्हा पुन्हा येतो, त्याचं मला नवल वाटत नाही.

पण पाहुणा आला की कुणाची परीक्षा होते? मुलीबरोबर 'स्कूल्ड' पुन्हा उघडा आणि एकच प्रश्न विचारा: या पुस्तकात वाईट कोण वागतं? तिथल्या आठवीत दरवर्षी सगळ्यात भोळ्या, टिंगलीच्या मुलाला मुद्दाम वर्गाचा अध्यक्ष निवडून द्यायची प्रथा आहे. कॅपला तसाच निवडून देतात. तो मात्र अध्यक्षानं सगळ्यांना ओळखायला हवं असं मानून शाळेतल्या मुलांची नावं पाठ करायला बसतो. विचित्र कोण, ते तिलाच ठरवू द्या. आर. जे. पलासिओ यांच्या 'वंडर'मध्ये (२०१२) ऑगी चेहऱ्यावरच्या एकामागून एक शस्त्रक्रियांमुळे पाचवीपर्यंत घरी शिकलेला. त्याला हात लागला तर आपल्याला काहीतरी होईल, असा खेळ वर्गातली मुलं खेळतात. तिथं तपासलं जातंय ते मुलांचं वागणं. ऑगीचं घरी शिकणं हे फक्त कारण आहे.

तरीही मी तुमच्या मुलीच्या बाजूनं एक तक्रार मांडते. 'वंडर' मला प्रिय आहे, पण त्यात घरचं शिकणं म्हणजे ऊबदार दुलई, आणि खरं जग म्हणजे दुलईतून बाहेर पडणं, असं नकळत येतं. ऑगी घरी आईबरोबर काय शिकत होता, कसा शिकत होता, त्यात त्याला कशाची गोडी लागली होती, हे पुस्तकात जवळजवळ नाहीच. अशा बहुतेक पुस्तकांत घरचा अभ्यास पहिल्या दहा-वीस पानांत उरकतो. तुमच्या मुलीच्या आयुष्यातली तीन वर्षं कुणीतरी एका परिच्छेदात गुंडाळली, असं तिला वाटलं असेल तर ते बरोबरच आहे. तिला तसं म्हणा. लेखकाचं चुकलं असं वाचकाला म्हणता येतं, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या.

आता पुस्तकं. 'होमस्कूलिंग चांगलं दाखवणारी' अशी यादी मी देणार नाही. जाऊबाईंना उत्तर म्हणून निवडलेलं पुस्तक मुलगी एका पानात ओळखते. मी तुम्हाला अशी पुस्तकं देते जिथं घरी शिकणारी मुलगी स्वतः बोलते, किंवा निदान दार तिच्या घराचं असतं आणि पाहुणा दुसरा कुणी.

पहिलं, स्टेफनी टोलन यांचं 'सर्व्हायव्हिंग द ॲपलव्हाइट्स', २००२ चं. नॉर्थ कॅरोलिनातलं कलावंतांचं भलंमोठं घर, सगळी मुलं घरीच शिकतात, ज्यानं त्यानं आपला अभ्यास स्वतः ठरवायचा. शाळांनी हाकललेला जेक नावाचा मुलगा तिथं शिकायला येतो. म्हणजे इथं उलटं आहे, शाळेतलं मूल घरात पाहुणं. आणि त्या घरातली बारा वर्षांची ई. डी. ही तुमच्या मुलीला भेटायलाच हवी. भावंडं कलेत बुडालेली, हिला मात्र वेळापत्रक हवं, याद्या हव्यात, प्रत्येक गोष्टीवर खूण करायची आहे. घरी शिकणारी मुलं मोकाट असतात या समजाला ती सहज पुसून टाकते, आणि लेखिकेनं तसं कुठं सांगितलेलं नाही. घरच्यांवर ती वैतागते, एकटी पडते, तेही आहे.

दुसरं माझं फार लाडकं. इंग्लंडच्या डेव्हिड आमंड यांचं 'स्केलिग', १९९८ चं, त्या वर्षीचं कार्नेगी पदक, म्हणजे ब्रिटनमधला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालेलं. मायकल नव्या घरात राहायला आलाय, त्याची तान्ही बहीण आजारी आहे. शेजारची मीना झाडावर बसून वहीत पक्षी काढत असते. ती शाळेत जात नाही, आई तिला घरी शिकवते. मायकल त्यांच्या स्वयंपाकघरात येतो, तिथं डाळिंब फोडून दाणे खाता खाता ग्रीक पुराणातली गोष्ट निघते, माती मळता मळता वसंताच्या गप्पा होतात. घरचं शिकणं एका परिच्छेदात गुंडाळलेलं नाही, ते तुमच्या समोर चालू असतं. मायकलच्या पुस्तकावर वाचनपातळीचा लाल शिक्का असतो. मीना विचारते, मग विल्यम ब्लेक या इंग्रजी कवीच्या वाघाच्या कवितेवर कुठल्या रंगाचा लावायचा? पण मीना कधी कधी शिष्टही वागते, मायकलला शाळेवरून टोचते, आणि तोही चिडतो. मला हे फार प्रामाणिक वाटतं. घरी शिकणाऱ्या मुलांना आपण वेगळे आहोत याचा ताठा येऊ शकतो. तुमच्या मुलीनं तेही वाचावं. एक सांगून ठेवते, यातही आजारपण आहे, तान्ह्या बाळाचं. तेव्हा हे तुम्ही दोघींनी मिळून, मोठ्यानं वाचा.

या पुस्तकांत मला आणखी एक गंमत सापडली. 'स्केलिग'मध्ये आपण मीनाला मायकलच्या डोळ्यांनी बघतो. बारा वर्षांनी, २०१० मध्ये, आमंड यांनी 'माय नेम इज मीना' लिहिलं, मीनाची स्वतःची वही. ती शाळेतून का बाहेर पडली, परीक्षेत तिनं मनानं बनवलेल्या शब्दांची गोष्ट कशी लिहून ठेवली, वडील गेल्याचं दुःख, सगळं तिच्या शब्दांत. जेरी स्पिनेली यांच्या 'स्टारगर्ल'चंही अगदी तसंच. २००० सालच्या त्या कादंबरीत ॲरिझोनातल्या हायस्कूलमध्ये उकुलेले (छोट्या गिटारसारखं वाद्य) वाजवत आलेली, आधी घरी शिकलेली मुलगी आपल्याला लिओ नावाच्या मुलाच्या नजरेतून दिसते. सगळे तिला डोक्यावर घेतात, मग सगळे तिला वाळीत टाकतात. ती कुणालाच पुरती कळत नाही, लिओलाही नाही. सात वर्षांनी आलेल्या 'लव्ह, स्टारगर्ल'मध्ये ती स्वतः बोलते. आता ती पेनसिल्व्हेनियात आहे आणि पुन्हा घरीच शिकते. तिची मैत्री पाच वर्षांच्या एका चिमुरडीशी आहे, घराचा उंबरा ओलांडायला घाबरणाऱ्या एका बाईशी आहे. घरी शिकणाऱ्या मुलांच्या मैत्र्या अशाच असतात ना, सगळ्या वयांच्या? तुम्ही हसाल, पण तुमच्या सोसायटीतल्या भाजीवाल्या मावशी आणि तुमची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आल्या. ही स्टारगर्लची दोन पुस्तकं मात्र दोनेक वर्षांनी द्या, त्यात प्रेमाबिमाचा भाग आहे.

दोन लेखक, दोन देश, आणि दोघांनाही पहिल्या पुस्तकानंतर वाटलं की या मुलीला बाहेरून बघून भागत नाही. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. ती 'विचित्र' दिसते ते दुसरा कुणीतरी गोष्ट सांगत असतो तेव्हा. वही तिच्या हातात आली की तो शब्द कुठल्या कुठं जातो.

आपल्या घरातही हे आहे. शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' ('लिटल विमेन'चा अनुवाद) तुमच्या कपाटात असेलच. त्यातली बेथ शाळेला इतकी बुजते की घरीच शिकते, आणि मास्तरांनी हातावर पट्टी मारल्यावर आई धाकट्या एमीलाही शाळेतून काढते. मूळ लेखिका लुइझा मे अल्कॉट स्वतः बरंचसं वडिलांकडेच शिकल्या होत्या. १८६८ च्या त्या पुस्तकात बेथच्या घरी शिकण्याचं कुणाला नवल नाही. आणि मुलगी जरा मोठी झाली की रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या आठवणी वाचायला द्या. लग्नानंतर घरीच नवऱ्याकडून शिकताना घरातल्या बायकांनी किती छळलं, ते त्यांनी लिहून ठेवलंय. जाऊबाईंचं बोलणं त्यापुढं फार सौम्य वाटेल.

एक अवघड प्रश्न उरतो, तो तुम्ही विचारलेला नाही. कदाचित तिला शाळेत जावंसं वाटत असेल. तीच तीच पुस्तकं शोधून आणणं हे भीतीचं लक्षण असतं तसं कुतूहलाचंही असतं. तिला विचारा, पण उत्तर आधीच ठरवून विचारू नका. 'तुला शाळेत जायचंय का?' या प्रश्नात तुमचा जीव अडकलाय हे तिला कळतं, ती नाहीच म्हणेल. त्याऐवजी विचारा, इडा बीच्या नव्या वर्गातलं तुला काय आवडलं? त्या चौथीच्या बाई फार चांगल्या आहेत. तिनं त्यांच्याबद्दल भरभरून सांगितलं तर नीट ऐकून घ्या, त्यात तुमचा पराभव नाही.

आणि भीतीबद्दल सरळ बोला. 'मला काही होणार नाही' असं म्हणू नका, तुमची मुलगी वाचणारी आहे, तिला ते खोटं वाटेल. तिला बेत सांगा. मी आजारी पडले तर आठ दिवस बाबा शिकवतील, मग मावशी येईल, त्याहून जास्त लागलं तर आपण तिघं बसून ठरवू, तुला न विचारता काही होणार नाही. पुढच्या परीक्षेचंही सांगा. चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसता येतं, तो रस्ता तुमच्या तब्येतीवर अवलंबून नाही. इडा बीला सगळ्यात राग कशाचा आला होता, आठवतंय? तिच्याशी न बोलता ठरवल्याचा. तुमच्या मुलीलाही तोच आला असणार. तिच्या बाबांनाही हे बोलणं चालू असताना शेजारी बसवा, पुस्तकं परत करायची त्यांची घाईही काळजीतूनच आली आहे.

तो खोकला किती दिवसांचा आहे, तुम्ही लिहिलेलं नाही. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना तिला बरोबर घेऊन जा. डॉक्टर काय म्हणतात ते तिला तिथं बसून तिच्या कानांनी ऐकू दे.

तुमची
ताई